नॉबची चाल

"ऐकायचा पगार देतायत तुला, आणि तू म्हणतेस विचार करते," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला. त्याच्या एका हातात साबण लागलेलं पातेलं होतं, दुसऱ्या हातात घासणी, आणि फेस कोपरापर्यंत ओघळत होता.

"ऐकण्याचा पगार मिळत असता तर मी आत्तापर्यंत बंगला बांधला असता," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "बावन्न वर्षं ऐकतेय. आधी ह्याच्या बापाचं, मग ह्याचं."

"आई, तू तुझा टीव्ही बघ."

"बघतेय की. आवाज बंद केलाय. तुमचं नीट ऐकू यावं म्हणून."

भांडण सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि कोण कुणाच्या बाजूने बोलतंय हे आता कुणालाच धड सांगता आलं नसतं. मूळ मुद्दा एवढाच होता, की कारखान्यात तिची जागा जाणार होती आणि त्या जागेऐवजी तिला वरची जागा मिळणार होती. आजवर ती नॉब तपासायची. इथून पुढे तिने एका बंद खोलीत आरामखुर्चीत बसायचं, हातात रिमोट धरायचा, गाणी ऐकायची आणि यंत्र चांगलं वाजतं की नाही ते सांगायचं. पंधरा दिवस बसून बघ, मग हो की नाही ते कळव, असं धाकटे मालक म्हणाले होते. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे हे तिला घरच्यांना नीट सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणूनच सगळा घोळ वाढत चालला होता.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने वहीतून डोकं वर काढलं. "पण आईला ऐकायला बसवतंच कोण? तिला दाराची बेल ऐकू येत नाही."

"ऐकू येते," ती म्हणाली. "मी उठत नाही."

"हे तर त्याहून वाईट," नवरा म्हणाला.

नवऱ्याच्या उत्साहाचं एक कारण त्याच्या हातातच होतं. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं, अंगठा आणि शेजारची दोन, या घरात काचेच्या भांड्यासारखी जपली जात. साबणाने कातडी राठ होते आणि राठ कातडीला नॉब कळत नाही, म्हणून ती कारखान्यात लागली त्या महिन्यापासून भांडी नवऱ्याकडे गेली, ती चोवीस वर्षं त्याच्याकडेच होती. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर साठ पोरांचा कलकलाट ऐकून घरी यायचा आणि निमूटपणे बाह्या सरसावून ओट्यापुढे उभा राहायचा. तक्रार अशी त्याने कधी केली नाही. फक्त पाहुणे आले की मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आमच्याकडे तीनच बोटं कमावती आहेत, बाकीची सतरा घासायला." आता कमाई कानांवर येणार होती. कानांनी काम करणाऱ्या बाईने भांडी घासायला काय हरकत आहे, हे तो अजून बोलला नव्हता, पण पातेलं मात्र जरा जास्तच जोर लावून घासत होता.

कारखाना म्हणजे काही मोठा नव्हे. तीन मजली इमारत, सगळी मिळून बावीस माणसं. तिथे अँप्लिफायर हाताने बनवत, म्हणजे गाण्याचा आवाज मोठा करून देणारं यंत्र. कामगार मालकांच्या पाठीमागे त्याला डबा म्हणत. एका डब्याच्या किमतीत चांगली मोटार आली असती, आणि घेणारी माणसं मोटारीपेक्षा डबाच जास्त पुसत. डब्याच्या तोंडावर, बरोबर मधोमध, आवाज लहानमोठा करायचा नॉब असे. भरीव धातूचा, मोठ्या लिंबाएवढा. तो सैल फिरला तर गिऱ्हाइकाला वाटतं आत काही नाहीच. घट्ट फिरला तर म्हाताऱ्या मनगटाला जाच. हात लावल्यावर आधी त्याने किंचित आढेवेढे घ्यायला हवेत, मग राजी व्हावं, आणि शेवटपर्यंत एकसारखं चालावं. मध्ये अडखळणं नको, डुगडुगणं नको. याला कारखान्यात 'चाल' म्हणत. हा शब्द तिनेच आणला होता. दांडीला वंगणाचा थेंब द्यायचा, नॉब बसवायचा, बारीक स्क्रू आवळायचा, डोळे मिटायचे आणि तीन बोटांनी फिरवून बघायचं. दिवसाला नऊ डबे, आणि तेही विजेला न जोडता. तिच्या टेबलावर चोवीस वर्षांत एकदाही गाणं वाजलं नव्हतं.

आणि मुळात सगळी गडबड या शब्दापासूनच झाली होती.

ती इथे आली ती वडिलांच्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीच्या दुकानातून. नवव्या वर्षापासून तिथे तिचं काम एकच. दुरुस्त झालेल्या मशीनचं चाक फिरवायचं आणि 'चाल बरी आहे' किंवा 'चाल ओढतेय' एवढं सांगायचं. दुकान बंद झाल्यावर ती कारखान्यात मुलाखतीला गेली. थोरल्या मालकांनी तिला खुर्चीत बसवलं, रेकॉर्ड प्लेअरवर एक तबकडी लावली, आणि गाणं सुरू झाल्यावर डोळे मिटून विचारलं, "कशी वाटते चाल?"

तिला वाटलं, यंत्राबद्दल विचारतायत. तबकडीच्या मधल्या लाल कागदाकडे ती बघत होती. दर फेऱ्याला तो एका ठिकाणी जरा रेंगाळत होता. ती म्हणाली, "ओढतेय थोडी. पट्टा सैल असेल."

मालकांनी डोळे उघडले, झाकण काढून बघितलं, तर पट्टा खरंच सैल. गाणं केसभर खाली उतरलंय हे स्वतः त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि या मुलीने बसल्या जागी चालीवरून ओळखलं. त्याच दिवशी त्यांनी तिला ठेवून घेतलं. आपण नुसतं बघितलं होतं आणि त्यांना मात्र आपण ऐकलं असं वाटलं, हे तिला तीन वर्षांनी कळलं. मालक एका बड्या गिऱ्हाइकाला तिच्यासमोरच सांगत होते, की आमच्या बाईंचा कान म्हणजे कान आहे. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण गिऱ्हाईक टाय लावून आलं होतं, मालक रंगात आले होते, आणि ती हसून नॉब पुसत राहिली. मग ते राहूनच गेलं. शेजारीण चुकीच्या नावाने हाक मारायला लागली की पहिल्या आठवड्यात सांगता येतं, दहा वर्षांनी नाही, तसं झालं.

गेल्या वर्षी थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि कारभार मुलाकडे आला. धाकटे मालक तिच्यासमोर चड्डीत खेळलेले, म्हणून तिला मावशी म्हणत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपली गिऱ्हाइकं म्हातारी झाली आहेत. एवढे पैसे मोजल्यावर आवाज कमी करायला खुर्चीतून उठावं लागू नये. म्हणून नव्या डब्याला नॉबच ठेवला नव्हता. तोंड सपाट, गुळगुळीत, आणि सोबत रिमोट. रिमोटही अखंड धातूचा, हातात धरला की मनगट खाली जाईल इतका जड, कारण हलकी वस्तू महाग वाटत नाही. नवा डबा पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा तिने सवयीने हात पुढे केला, आणि तिची तीन बोटं हवेवरच मिटली. नाक नसलेल्या तोंडाकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

गिऱ्हाइकांना विचारलं होतं म्हणे. कुणी लिहिलं होतं, देव तुमचं भलं करो, आता माझी बायको मला उठवणार नाही. कुणी लिहिलं होतं, उठून नॉबपर्यंत जाण्यातच मला गाणं आवडतंय की नाही ते कळतं. बसल्या बसल्या काहीही आवडतं. धाकट्या मालकांनी दोन्ही पत्रं तिला वाचून दाखवली आणि विचारलं, तुला काय वाटतं मावशी. तिला दोन्ही पटली. तसं सांगितलं तर ते म्हणाले, म्हणूनच तू हवीस.

ऐकायच्या खोलीत ती सोमवारी पहिल्यांदा बसली. भिंतींना फुगीर गाद्या ठोकलेल्या, पायाखाली जाड गालिचा, बोललं की आपलाच आवाज तोंडापुढे विरून जाईल अशी खोली. तिच्या एका बाजूला तपासणीचे साहेब, दुसऱ्या बाजूला धाकटे मालक, मागे विक्री बघणारा माणूस. समोर डबा, त्यावर लाल आकडा. रिमोटचं बटण दाबलं की आकडा एकाने वाढे आणि आवाजही वाढत असावा. ती मोजत होती. नॉब फिरवताना हाताला आधी कळतं की आता वाढणार. इथे हाताला काहीच कळत नव्हतं, बटण दर वेळी तेवढंच दबत होतं, मग आकडा अकरा असो की एकोणऐंशी. एका बाईचं गाणं लावलं होतं. तिला एवढंच वाटलं की या बाईला जरा दम लागलाय, तिने थोडं थांबून पाणी प्यावं.

बाकीचे मात्र बोलत होते. साहेब म्हणाले, पोत मोकळा आहे. विक्रीवाला म्हणाला, अंगाला ऊब येते. धाकटे मालक म्हणाले, कडा थोड्या उसवल्यासारख्या. हे सगळं कापडाबद्दल चाललंय असं तिला वाटलं, आणि कापडाचं तिला कळत होतं, म्हणून तिने मान हलवली. मान हलवली ते सगळ्यांनी बघितलं.

तीन दिवस ती मान हलवून निभावून नेत होती. गुरुवारी साहेबांनी थेट विचारलं, "बाई, तुम्ही काहीतरी बोला. नव्या अकरा डब्यांतला हा एक. काय कमी आहे यात?"

काय कमी आहे असं विचारल्यावर काही कमी नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. तिने रिमोट खाली ठेवला, डब्याकडे बघितलं, आणि वडिलांच्या दुकानात येणारे शिंपी जसं बोलायचे तसं म्हणाली, "खालचं अस्तर जरा जाड झालंय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग साहेब हळूच म्हणाले, "अस्तर जाड झालंय." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. विक्रीवाला म्हणाला की नेमका हाच शब्द त्याला चार दिवस सापडत नव्हता. धाकट्या मालकांनी गाणं पुन्हा लावलं, आणि आता तिघांनाही अस्तर जाड असल्याचं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. तिलाही एक क्षण आलं. किंवा आल्यासारखं झालं. ते कसं ओळखायचं हे तिला कळेना.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, की माझा कान तपास. तो बसचे आरसे पुसून आला होता आणि खुशीत होता. टीव्हीच्या पडद्यावर आवाजाचे आकडे दिसतात म्हणून त्यावर टॉवेल टाकला. सासूबाईंनी रिमोट उशीखालून काढून दिला, पण पाच मिनिटांच्या बोलीवर. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि नवरा मागून बटण दाबू लागला.

"वाढवला," ती म्हणाली.

"बरोबर."

"आता कमी केला."

"बरोबर. आता?"

"वाढवला. दोनदा."

"दोनदाच दाबलं," नवरा म्हणाला आणि आईकडे विजयाने बघितलं. सासूबाई म्हणाल्या, शेवटचा फारच वाढला, कानठळ्या बसल्या. एवढ्यात मुलगी बाहेरून आली आणि तिने विचारलं, तुम्ही काय करताय. रिमोटचे सेल मी मघाशीच टॉर्चला काढून घेतलेत.

नवऱ्याने रिमोटचं झाकण काढून बघितलं, आत काही नव्हतं. मग म्हणाला, "मग इतका वेळ मी काय दाबत होतो?" सासूबाईंनी मात्र माघार घेतली नाही. सेल असोत नसोत, शेवटचा वाढला होता, असं त्या झोपेपर्यंत सांगत होत्या. आणि तिला कळेना, की आपल्याला काहीच ऐकू येत नाही असं समजायचं की सगळ्यांना येतं तसंच येतं असं समजायचं.

शुक्रवारी ती कारखान्यात गेली तेव्हा अकराच्या अकरा डबे उघडून टेबलांवर पसरले होते. डब्यातल्या तारा जी बाई जोडायची तिला सगळे डागवाली म्हणत, कारण जोडणीला लावतात तो कथलाचा डाग तिच्यासारखा कुणालाच जमत नसे. सोळा वर्षं त्या दोघी शेजारी शेजारी बसत, दुपारी एकीच्या जेवणाच्या डब्यातलं दुसरीच्या डब्यात जाई. साहेबांनी शोध लावला होता की अस्तर जाड झालं असेल तर ते खालच्या बाजूच्या जोडणीमुळे. डागवालीने सगळे डाग उकलून नव्याने द्यायचे होते. प्रत्येक डब्याबरोबर एक कार्ड असतं, ज्याच्या ज्याच्या हाताखालून डबा गेला त्याची त्यावर सही. अकरा कार्डांवर डागवालीच्या सहीपुढे लाल फुली मारली होती. सोळा वर्षांतली पहिली. विक्रीवाला जाता जाता म्हणाला, डागवालीलाच डाग लागला, आणि आपल्याच विनोदावर हसला.

तिला हसू आलं नाही. ती म्हणणार होती, की थांबा, पण नेमकं काय सांगायचं हे ठरेपर्यंत पहिला डबा उकललाही होता.

मंगळवारपर्यंत अकराही डबे पुन्हा तयार झाले. तिला पुन्हा खोलीत बसवलं. तेच गाणं, तीच दम लागलेली बाई. "आता?" साहेबांनी विचारलं.

तेच होतं सगळं. निदान तिला तरी तेच वाटलं. पण अजून जाड आहे म्हटलं असतं तर डागवालीने तिसऱ्यांदा उकललं असतं. म्हणून ती म्हणाली, "आता बरं आहे," आणि साहेबांनी चक्क टाळी वाजवली.

दुपारी जेवताना डागवाली नुसती भाजी चिवडत होती. रागावली असती तर बरं, असं तिला वाटत होतं. पण डागवाली रागावली नव्हती. डबा अर्धा ठेवून ती म्हणाली, "तुला ऐकू आलं म्हणजे असणारच काहीतरी. मला नाही कळलं. मी दोन्ही वेळेला सारखेच दिले डाग. निदान मला सारखे वाटले."

"सारखेच होते," ती म्हणाली. "तुझ्या डागांत काही नव्हतं. मी उगीच काहीतरी बोलून गेले."

डागवाली तिच्याकडे बघून हसली, आजाऱ्याने भेटायला आलेल्याकडे बघून हसावं तसं. "माझी समजूत घालू नकोस. सगळ्यांना ऐकू आलं. डोळे गेले असतील हल्ली, नाहीतर हात. मी पॅकिंगला बदली मागणार आहे. खोकी भरायला नजर लागत नाही."

सोळा वर्षं ते हात तिने शेजारून बघितले होते. हातात काय आहे आणि काय नाही याबद्दल तिचा कधी घोळ झाला नव्हता. आणि आता एक बाई तिच्या एका शब्दावर स्वतःचे हात टाकून द्यायला निघाली होती. ती जेवण तसंच झाकून उठली आणि धाकट्या मालकांकडे गेली. मला गाण्यातलं काही कळत नाही, अस्तर वगैरे मी तोंडाला आलं ते बोलले, असं तिने सांगितलं. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. मावशी, तयार कानाची माणसं असंच म्हणतात, असं ते म्हणाले, आणि डागवालीचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिच्यावर कुणी रागावलेलं नाही, असंही म्हणाले. वर त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन ती बाहेर आली तेव्हा आपण आत काय सांगायला गेलो होतो ते आपण सांगितलं की नाही, अशी तिला शंका आली.

राहिले थोरले मालक. ते तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी खुर्चीत बसून असत. समोर जुना डबा, नॉबवाला, गाणं चालू. नॉबशिवायच्या डब्याला आयुष्यभर तुच्छ मानलेल्या माणसाला आता नॉबपर्यंत जाता येत नव्हतं. वर जो कुणी येईल त्याला ते आवाज लहानमोठा करायला सांगत, आणि रिमोटचं नाव काढलं की तोंड फिरवत. खुर्ची डब्याजवळ का ओढून घेत नाही, असं मुलाने विचारलं होतं, तर म्हणाले, जवळून गाणं नीट ऐकू येत नाही.

"बाई, जरा बारीक कर," ते म्हणाले.

तिने नॉबला हात लावला. तिनेच बसवलेला, एकोणीस वर्षांपूर्वीचा. फिरवताना एका जागी, घड्याळात दहा वाजतात त्या सुमाराला, तो किंचित कोरडा लागला.

"मला तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "मला गाण्यातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं?"

"तसं नाही. मला फरकच ऐकू येत नाही. मी नुसती चाल बघते."

"तेच तर मी सगळ्यांना सांगतो."

"गाण्याची नाही. नॉबची."

थोरल्या मालकांनी तिच्याकडे जरा दयेने बघितलं. "नॉबची चाल वेगळी आणि गाण्याची वेगळी असती, तर मी हा उद्योग कशाला मांडला असता?"

तिने शेवटचं होतं तेही सांगून टाकलं. "पहिल्या दिवशी मी ऐकलं नव्हतं. तबकडी फिरताना बघितली होती. ती एका जागी रेंगाळत होती."

ते विचारात पडले. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग त्यांनी विचारलं, "पट्टा सैल होता की नव्हता?"

"होता."

"मग?"

तिने नॉबवरचा हात काढला. चोवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आणली, आणि ती गोष्ट गोष्टच नव्हती असं निघालं. ती जायला वळली तेव्हा ते मागून म्हणाले, "त्या नॉबला मध्येच काही होतं का गं? मी उठायचो तेव्हाही वाटायचं. मग मला वाटलं, माझंच मनगट."

"दहाच्या सुमाराला कोरडा आहे," ती म्हणाली. "वंगण सुकलंय. मनगटाला काही झालेलं नाही."

हे बोलताना तिला अडखळायला झालं नाही. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही, कापडातला शब्द उसना घ्यावा लागला नाही. थोरले मालक आपला हात उलटासुलटा करून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं जे त्या पंधरवड्यात तिला कारखान्यात कुणाच्याच तोंडावर दिसलं नव्हतं.

खाली जाताना ती दुसऱ्या मजल्यावर ऐकायच्या खोलीशी थांबली नाही. तळमजल्यावर, पॅकिंगच्या मागे, दुरुस्तीची खोली होती. जुने डबे तिथे परत येत. दोन माणसं, एक लांब फळी, तिच्यावर तोंडं भिंतीकडे करून ठेवलेले वीसबावीस डबे, सगळे नॉबवाले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराशी ती अर्धा तास काय बोलली ते कुणाला कळलं नाही. मग ती वर गेली, आणि सुटायची वेळ होईपर्यंत आपल्या टेबलाशी काहीतरी लिहीत बसली. डागवालीने विचारलं तर म्हणाली, उद्या दिसेल.

घरी आली तेव्हा निवाडा जवळजवळ होऊन गेला होता. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारवर खूण केली होती. सासूबाईंनी शेजारणीला सांगून टाकलं होतं की आमच्या सुनेला नुसतं बसायचे पैसे मिळणार, आणि शेजारीण म्हणाली होती की आमची तर फुकट बसते. मुलगी म्हणत होती की आईने निदान हो म्हणताना थोडं हसावं, चांगली बातमी आहे. नवरा ओट्यापाशी होता, पण त्याने अजून बाह्या सरसावल्या नव्हत्या. तो तिच्याकडे बघत होता.

तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, म्हणून सासूबाईही दारापर्यंत आल्या.

"मी ऐकायच्या खोलीत जाणार नाही," ती म्हणाली. "मी काही ऐकलं नव्हतं. अकराही डबे पहिल्यापासून चांगले होते, आणि तसं मी अकराही कार्डांवर लिहून खाली सही करून आलेय. सोमवारपासून मी तळमजल्यावर दुरुस्तीत बसणार. काम आठवड्यातले चारच दिवस आहे, पगार आहे त्यापेक्षा कमी होईल. हे ठरलंय."